जेमिनिड उल्कावर्षाव माळरानावरून: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की ‘आज रात्री तासाला दीडशे उल्का’ अशी बातमी हमखास येते. लोक गच्चीवर जातात, दहा मिनिटं मान वर करून उभे राहतात, काहीच दिसत नाही, थंडी वाजायला लागते, मग खाली येऊन झोपतात. आकडा खोटा नसतो, पण तो आदर्श आकाशासाठी काढलेला असतो.

त्याला दोन अटी असतात. उल्का ज्या बिंदूतून निघाल्यासारख्या दिसतात तो उगमबिंदू बरोबर डोक्यावर हवा, आणि आकाश इतकं काळं हवं की ६.५ प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसावा. प्रतीचा आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद. जेमिनिडमध्ये मंद उल्कांचा भरणा मोठा असतो, म्हणून आकाश एका प्रतीने उजळलं की दिसणाऱ्या उल्का साधारण २.६ पटीने घटतात. गावाबाहेरच्या रानात ५.५ प्रतीपर्यंत तारे दिसत असतील तर तासाला ५५-५८. तालुक्याच्या गावात ४.५ प्रत मिळाली तर बावीसेक. शहराच्या गच्चीवर ४ प्रत धरली तर चौदा, आणि त्यातलं अर्धं आकाश शेजारची इमारत, पाण्याची टाकी आणि नारळाच्या झाडानं झाकलेलं असेल तर सात. दहा मिनिटांत एक. ती एकही नेमकी तुम्ही मोबाइल बघत असताना जाते.

तेव्हा पुढचं सगळं नियोजन दोनच गोष्टींसाठी आहे: आकाश काळं मिळवायचं आणि त्याखाली तीन-चार तास आडवं पडून राहता येईल अशी सोय करायची. दुर्बीण लागत नाही. दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठून जाईल ते आधी ठाऊक नसतं, त्यामुळे ती घरीच ठेवा.

रात्र ठरवताना तारीख आणि तिथी दोन्ही बघा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे काम होतं. उल्कावर्षाव इंग्रजी तारखेला बांधलेला असतो, कारण पृथ्वी दरवर्षी साधारण त्याच तारखेला त्याच धुळीच्या पट्ट्यातून जाते. जेमिनिडचा पट्टा ३२०० फेथॉन या लघुग्रहाचा. आयरास उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो १९८३ मध्ये सापडला, आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे लगेच लक्षात आलं. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा त्याला अपवाद. डिसेंबरच्या ४ तारखेपासून तुरळक जेमिनिड दिसू लागतात, १३-१४ ला शिखर, आणि शिखरानंतर संख्या झपाट्याने ओसरते.

तारखेने उल्का कळतात, तिथीने चांदणं कळतं. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहाच्या आसपास मावळतो, शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि पुढे दर तिथीला पाऊण-एक तासाने उशीर. चंद्र आकाशात असेल तर शहर मागे टाकून पन्नास किलोमीटर आलात तरी उपयोग नाही.

२०२६ मध्ये योग चांगला आहे. शिखर १४ डिसेंबरच्या संध्याकाळच्या सुमारास येतं, आणि त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, म्हणजे चंपाषष्ठीच्या आदली रात्र. खंडोबासाठी नळदुर्ग-अणदूरकडे जाणाऱ्या मंडळींनी एका खेपेत दोन्ही साधावं. चंद्र दहाच्या सुमारास मावळेल आणि खरा खेळ तेव्हाच सुरू होतो. १४ ची रात्र ढगाळ निघण्याचा धोका नको असेल तर १३ ची रात्रही धरा. २०२७ मध्ये मात्र १३ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा आहे, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका. २०२८ मध्ये अमावास्या १५-१६ डिसेंबरला, म्हणून १३ च्या रात्री पुन्हा काळं आकाश.

नवख्यांचा तारखेत हमखास गोंधळ होतो. ‘१४ ची रात्र’ म्हणजे १४ च्या संध्याकाळी निघायचं आणि १५ च्या पहाटेपर्यंत बघायचं. १३ च्या रात्री बारा वाजले की मोबाइलवर १४ तारीख दिसते, आणि कुणीतरी एक दिवस आधीच किंवा नंतर येऊन बसतं. निरोप पाठवताना ‘सोमवारी संध्याकाळी निघायचं, मंगळवारी सकाळी परत’ असं वार घालूनच लिहा.

जागा: काळं रान नको, माळ हवा

मराठवाड्यात अंधारी जागा शोधायला फार लांब जावं लागत नाही. योग्य अंधारी जागा निवडणं जास्त महत्त्वाचं. डिसेंबरात काळ्या जमिनीतल्या रानात हरभरा आणि गहू उभा असतो, आणि शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असल्यामुळे पाणी रात्रीच दिलं जातं. ओल्या रानावर थंडी जास्त, दव जास्त, आणि पहाटे धुई धरते. गोदावरीच्या काठचा पट्टा आणि जायकवाडी, मांजरा यांसारख्या धरणांच्या कडेची जागा दिवसा सुंदर दिसते, पण पहाटे तीननंतर तिथे आकाश दुधाळ होऊ शकतं. आणि भिजलेल्या काळ्या मातीत गाडी रुतली तर रात्री दोन वाजता ट्रॅक्टर कुठून आणणार?

म्हणून मुरमाड माळ निवडा. बालाघाटच्या पठारावर, बीड, पाटोदा, आष्टीपासून धाराशिवपर्यंत असे माळ भरपूर आहेत. उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आसपासही आहेत. माळावर पाणी दिलेलं नसतं, जमीन कोरडी असते, गाडी उभी राहते आणि क्षितिज चारही बाजूंनी मोकळं मिळतं. पवनचक्क्या असलेल्या पठारावर त्यांचे लाल लुकलुकणारे दिवे कुठल्या दिशेला येतात ते आधी पाहून घ्या.

शहरापासून अंतर किती? छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड यांच्यापासून ४०-५० किलोमीटर, तालुक्याच्या गावापासून १२-१५. अंतराइतकीच दिशाही महत्त्वाची. उल्कांचा उगमबिंदू पूर्वेकडून वर चढतो, म्हणून उजेडाचं गाव तुमच्या पश्चिमेला राहील अशी, म्हणजे गावाच्या पूर्वेकडची जागा घ्या. म्हैसमाळ उंच आहे, रस्ताही चांगला, पण संभाजीनगरचा उजेड तिथून आग्नेयेला दिसतो आणि संध्याकाळी तोच भाग लागतो. साखर कारखान्याच्या दहा किलोमीटरच्या आत जाऊ नका. गळीत हंगामात तिथले फ्लडलाइट रात्रभर चालू असतात, आणि धुराड्याचा धूर तोच उजेड आणखी पसरवतो.

गौताळा किंवा येडशी-रामलिंग यांसारख्या अभयारण्यांत रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही, तो विचार सोडून द्या. ओळखीच्या माणसाचं शेत किंवा त्याच्या शेताला लागून असलेला माळ सगळ्यात उत्तम.

जागा दिवसाउजेडी एकदा पाहून या. ही पायरी गाळू नये, कारण पुढच्या गोष्टी रात्री दिसत नाहीत:

– कडेची विहीर. जुन्या विहिरींना कठडा असेलच असं नाही.

– झटका तार. रानडुकरांसाठी शेताभोवती लावलेली बारीक तार अंधारात दिसत नाही. मालकाला विचारून त्या रात्रीपुरती बंद करून घ्या किंवा तिच्यापासून लांब बसा.

– शेजारच्या रानात राखणीला कोण असतं, त्याच्याकडे कुत्री आहेत का. डुकरं हाकणाऱ्या माणसाच्या बॅटरीचा झोत तुमच्या डोळ्यांवर पडणार नाही, एवढं त्याला आधी सांगून ठेवा. बहुतेकदा तोही थोडा वेळ येऊन बसतो.

– हायमास्ट, गोठ्यावरचा बल्ब, सौर पंपाजवळचा दिवा. गोठ्यावरचा बल्ब विनंती केली की बंद होतो, हायमास्ट होत नाही.

गावच्या पोलीस पाटलांना अवश्य कळवा. रात्री एक वाजता माळावर चार-सहा अनोळखी माणसं लाल बॅटऱ्या घेऊन पडलेली दिसली तर गाव काठ्या घेऊन येणारच, आणि त्यात गावाची चूक नाही.

सामान

मुख्य सामान म्हणजे बाज. उभं राहून उल्का बघितल्या जात नाहीत. पंधरा मिनिटांत मान आखडते. जमिनीवर सतरंजी टाकून पडता येतं, पण विंचू-काट्याचा धोका राहतो आणि माळ खालून थंडी देतो. बाज मिळाली तर उत्तम, नाहीतर बीचवर असते तशी मागे कलणारी खुर्ची. बाजेचा एक दोष आहे. सुतळीच्या किंवा नवारीच्या विणीतून थंडी खालून वर येते, आणि लोक चार पांघरुणं अंगावर घेऊनही कुडकुडत राहतात. जाड वाकळ अंगाखाली घाला, घोंगडी वर घ्या. दोनच पांघरुणं असतील तर एक खाली जाऊ द्या.

मध्य डिसेंबरात परभणीकडे पारा सहज एक आकडी होतो, आणि मोकळ्या माळावर न हलता पडलेल्या माणसाला तो आणखी दोन-चार अंशांनी कमी वाटतो. पातळ सुती, त्यावर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जॅकेट असे तीन थर. दोन जोड मोजे, पण बूट सैल, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि पाय आधी गार पडतात. कानटोपी हवीच. सगळ्यावर प्लॅस्टिकची किंवा ताडपत्रीची चादर, दवासाठी. बारानंतर घोंगडीचा वरचा पदर ओला लागतो. ओली लोकर जड होते आणि ऊबही कमी देते.

बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाचे दोन-तीन पदर रबरबँडने बांधा. एक पदर पुरत नाही, पांढरा उजेड झिरपतो. माणशी एक लिटर पाणी, थर्मासमध्ये चहा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चहाचा थर्मास बाराच्या आधी संपवू नका, खरी गरज तीनला लागते.

आणि शेकोटी नको. हे सांगायला अवघड जातं, कारण थंडीच्या रात्री शेतात बसायचं म्हणजे शेकोटी ठरलेलीच. पण ज्वाळेकडे एकदा पाहिलं की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा शून्यावर येतात आणि परत सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. धूरही खाली पसरतो. लवकर निसवलेल्या ज्वारीचा हुरडा भाजायचा असेल तर आठ वाजता आगटी पेटवा, नऊपर्यंत विझवून त्यावर माती टाका, मग बाजेवर जा.

हवामान

डिसेंबरात मराठवाड्याचं आकाश बहुतेक रात्री निरभ्र असतं. त्याला तडा जातो तो बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे. तिकडे वादळ उठलं की दोन-तीन दिवस वरचे ढग आपल्याकडे येतात. तीन दिवस आधीपासून हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची इन्सॅट उपग्रहाची अवरक्त चित्रं बघा, कारण ढग रात्रीही त्यांत दिसतात. आंध्रच्या किनाऱ्याकडून पांढरा पट्टा वायव्येला सरकत असेल तर १३ ची रात्र आधी उरकून घ्या. ‘अंशतः ढगाळ’ एवढ्यावरून बेत रद्द करू नका. पातळ ढगांच्या फटींतूनही तासाभरात पंधरा-वीस दिसू शकतात.

रात्रीचं वेळापत्रक

मराठवाड्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८ ते २० अंश उत्तरेला, मध्य डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि सात-सव्वासातला पूर्ण अंधार पडतो.

साडेसातच्या सुमारास उगमबिंदू ईशान्येच्या क्षितिजावर येतो. तेव्हा संख्या अगदी कमी असते, पण ज्या येतात त्या वातावरणाला चाटून जातात आणि अर्धं आकाश ओलांडतात. अशा लांब उल्का पुढे रात्रभर दिसत नाहीत. जेवण उरकताना पूर्वेकडे पाठ करू नका, इतकंच.

दहाला उगमबिंदू ३० अंशांवर चढतो. तो डोक्यावर असताना दिसतील त्याच्या अर्ध्या उल्का आता दिसू लागतात. ५.५ प्रतीच्या आकाशात तासाला तीसेक. इथून मोजणी सुरू करायची.

मध्यरात्रीनंतर संख्या वाढत जाते, आणि दोन ते अडीचच्या दरम्यान उगमबिंदू जवळपास डोक्यावर, ७६ अंशांवर येतो. बारा ते चार हे रात्रीतलं सोनं. सुट्टी मिळत नसेल, रात्रभर बसता येत नसेल तर हेच चार तास घ्या. संध्याकाळी जेवून झोपायचं, साडेअकराला उठायचं. साडेपाचनंतर झुंजूमुंजू व्हायला लागतं.

कुठे बघायचं

आधी उगमबिंदू ओळखा. दहा वाजता पूर्व-आग्नेयेला मृग नक्षत्र चांगलं वर आलेलं असतं. त्याच्या मधले एका रेषेतले तीन तारे, खेड्यात ज्यांना तिकांडं म्हणतात, ते सापडले की पुढचं सोपं. मृगाच्या डावीकडे, ईशान्येच्या बाजूला, शेजारी शेजारी दोन ठळक तारे दिसतील: पुनर्वसूचे कॅस्टर आणि पोलक्स. दहाला त्यांतला वरचा, किंचित मंद तो कॅस्टर. त्याच्या अगदी जवळ जेमिनिडचा उगमबिंदू आहे.

आता त्याच्याकडे टक लावून बघू नका. उसाच्या सरीच्या तोंडाशी उभं राहिलं की समांतर सऱ्या लांब एका ठिकाणाहून फुटल्यासारख्या दिसतात, तसंच हे आहे: उल्कांचे कण समांतर येतात, एका बिंदूतून निघाल्याचा भास होतो. त्या बिंदूजवळच्या उल्का जवळपास तुमच्याच दिशेने येत असल्यामुळे त्यांच्या रेषा आखूड, ठिपक्यासारख्या दिसतात. बिंदूपासून ४०-५० अंश बाजूला नजर ठेवली की रेषा लांब आणि देखण्या मिळतात. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे चार-पाच मुठी दूर. क्षितिजापासून नजर ५०-६० अंशांवर ठेवा. त्याहून खाली हवेचा जाड थर मंद उल्का गिळतो. बारापर्यंत कृत्तिका-रोहिणीचा भाग सोयीचा; दोननंतर उगमबिंदू डोक्यावर आल्यावर जी दिशा सगळ्यात काळी असेल ती.

नजर एका जागी रोखू नका, डोळे सैल सोडा. बऱ्याच उल्का नजरेच्या कडेला दिसतात.

आणि वाट बघायची सवय हवी. तासाला ३० उल्का म्हणजे दर दोन मिनिटांना एक असं होत नाही. त्या घोळक्याने येतात. अर्ध्या मिनिटात तीन, मग काहीच नाही. ताशी ३० च्या वेगातही तासातून एकदा तरी सहा-सात मिनिटांची पोकळी पडणं अगदी साधं आहे. नवखे नेमके त्याच पोकळीत उठून मोबाइल काढतात.

जेमिनिड की भटकी?

प्रत्येक उल्का जेमिनिड नसते. कुठल्याही रात्री काळ्या आकाशात तासाला पाच-दहा भटक्या उल्का असतातच. ओळखायच्या तीन खुणा:

रेषा मागे वाढवली तर ती कॅस्टरजवळ पोचते का? हातातली काठी किंवा दोरी आकाशासमोर धरून बघा. नुसत्या अंदाजात डोळा फसतो.

रेषेची लांबी तिच्या सुरुवातीपासून कॅस्टरपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त नसावी. कॅस्टरच्या शेजारी सुरू होऊन तीस अंश पळणारी उल्का जेमिनिड नाही, दिशा जुळली तरी. संध्याकाळच्या त्या वातावरण चाटणाऱ्या लांब उल्का हा अपवाद.

वेग. जेमिनिडचे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात, म्हणजे नोव्हेंबरातल्या लिओनिडच्या ७१ किलोमीटरच्या निम्म्याने. रेषा सरकताना डोळ्याला सापडते. डोळ्याचं पातं लवायच्या आत संपणारी बहुधा भटकी असते. जेमिनिडच्या मागे रेंगाळणारा धुरकट माग फार क्वचित राहतो.

दोन-तीन मिनिटं शांतपणे सरकत जाणारा ठिपका उपग्रह, लुकलुकणारा तो विमान. पन्नास जणांच्या मेळाव्यात दर वेळी कुणीतरी त्यावर टाळ्या वाजवतं.

मोजणी

नुसतं बघायलाही हरकत नाही. पण मोजलेली रात्र उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना, स्थापना १९८८, जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी संकेतस्थळावर घेते. नोंदणी फुकट आहे, आणि तुमची नोंद त्या वर्षीच्या शिखराच्या आलेखात जाते. आपल्या रेखांशावरून नोंदी कमी येतात, म्हणून मराठवाड्यातल्या एका माणसाचे तीन तासही मोलाचे ठरतात.

पद्धत साधी, पण शिस्त लागते.

कागद-पेन्सिल नको, लिहायला मान खाली घातली की उल्का निसटते. मोबाइलचा आवाज रेकॉर्डर चालू करून स्क्रीन बंद करा, फोन घोंगडीत ठेवा, आणि उल्का दिसली की बोला: ‘जेमिनिड, दोन’. म्हणजे जेमिनिड, तेज दुसऱ्या प्रतीचं. भटकी असेल तर ‘भटकी, तीन’. सुरुवातीला आणि दर पंधरा मिनिटांनी वेळ बोला. शिखराच्या रात्री पंधरा मिनिटांचे गट ठेवतात, एरवी तासाचे.

तेज ताऱ्यांशी ताडून सांगायचं. व्याध उणे १.५, प्रश्वा ०.४, पोलक्स १.१, कॅस्टर १.६, ध्रुव २. मृगाच्या डोक्यातल्या मृगशीर्ष या लहान त्रिकोणाचे तारे ३.४, ४.१ आणि ४.४. उणे ४ किंवा त्याहून तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात. २०२६ च्या डिसेंबरात पहाटे चारपर्यंत शुक्र पूर्वेला वर आलेला असेल, तो त्या तोलाचा आहे, शेजारी धरून बघा. अग्निगोल दिसला तर वेळ सेकंदासह आणि कुठल्या ताऱ्याजवळ सुरू होऊन कुठे संपला ते लगेच बोलून ठेवा, उद्गार नंतर.

आकाश किती काळं आहे हेही नोंदवायचं, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. मृगशीर्षाचा त्रिकोण तीन वेगळ्या ताऱ्यांचा दिसतो? मग निदान ४.४. कृत्तिकेत सहा तारे मोजता आले तर साधारण ४.३, आणि आठ मोजता आले तर ५.५ च्या आसपास, पण त्यांतले काही एकमेकांना इतके चिकटलेले आहेत की नजर चांगली लागते. दर तासाला एकदा बघा, पहाटेपर्यंत ते बदलतं. आकाशाचा किती भाग ढगांनी झाकलाय तेही.

चहा ओतला, पाय मोकळे करायला उठलात, मोबाइल बघितला: तो वेळ वजा करून खरा बघितलेला वेळ लिहा. नवख्यांच्या नोंदी इथेच बिघडतात.

चार जण असाल तर चौघांचे आकडे वेगळे ठेवा, बेरीज करू नका. एकच उल्का दोघांनी पाहिलेली असते, आणि ती बेरीज कशाशीच ताडता येत नाही. मोजणाऱ्यांनी ‘अगं, ती बघ!’ असं ओरडायचंही टाळा. दुसऱ्याने न पाहिलेली उल्का त्याच्या खात्यात जमा होते. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना ओरडू द्या, आणि त्या रात्री मोजणीचा नाद सोडा.

कॅमेरा

पहिल्याच रात्री कॅमेरा लावू नका असं आमचं मत. अर्धी रात्र फोकसमध्ये जाते. तरीही लावायचाच असेल तर तिपाईवर १४ ते २४ मिमीची लेन्स, एफ/२.८, आयएसओ १६०० ते ३२००, १५-२० सेकंदांचं एक्स्पोजर, मध्ये एक सेकंदाची फट, सतत. २४ मिमीला २० सेकंदांपेक्षा जास्त ठेवलं तर तारे रेघा होतात. फोकस हाताने, व्याधावर, स्क्रीन मोठी करून. मग फोकसच्या कड्यावर चिकटपट्टी लावा, नाहीतर अंधारात हात लागून तो हलतो. तासाला पावणेदोनशे चित्रं होतात, रॉ ठेवलीत तर चार-साडेचार जीबी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात अंगाच्या उबेत ठेवा. मध्यरात्रीनंतर काचेवर दव बसतं, आणि सकाळी घरी बघितल्यावर दोननंतरची सगळी चित्रं धूसर निघतात. अर्ध्या तासाने लाल बॅटरीने काच तपासा. फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. लेन्सभोवती उबदार पट्टी गुंडाळणं हा खरा उपाय.

परतताना

पहाटे पाचला लगेच गाडीला चावी लावू नका. रात्रभर जागलेला चालक आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, अनेकींना मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन जोडलेल्या. बाजेवरच दोन तास झोपा, उन्हं वर आल्यावर निघा. घोंगड्या आणि ताडपत्री घरी पोचल्या पोचल्या उन्हात टाका. दवाने ओल्या तशाच गुंडाळून ठेवल्या तर आठवड्यात कुबट वास धरतो.

१४ ची रात्र हुकली तर ३-४ जानेवारीला क्वाड्रंटिड या दुसऱ्या वर्षावाच्या उल्का आहेत. त्यांचं शिखर जेमतेम काही तासांचं असतं आणि उगमबिंदू आपल्याकडे रात्री सव्वा-दीडला उगवतो, म्हणून बघायचं ते पहाटे तीन ते साडेपाच, ईशान्येला. जानेवारी २०२७ मध्ये त्या रात्री चंद्राची फक्त बारीक कोर, तीही पहाटे, आणि तोवर हुरडाही तयार झालेला असतो.